अष्टमी ते पौर्णिमा: भरती-ओहोटीच्या मागे कोकण किनारा

कोकणात फोटो काढायला जाणारे बहुतेक जण मुक्काम ठरवताना एकच प्रश्न विचारतात, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो? आता अख्खा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. रेवसपासून रेडीपर्यंत कुठेही उभं राहा, सूर्य समुद्रातच बुडणार. फोटो बदलतो तो पाण्यामुळे. सहाच्या सुमारास पाणी कुठवर आलंय, खडक उघडे आहेत की बुडालेत, वाळू ओली आहे की कोरडी, सगळं त्यावर. म्हणून या खेपेला बेत समुद्राच्या हिशोबाने आखला. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला निघायचं आणि पौर्णिमेपर्यंत हरिहरेश्वरहून दक्षिणेला सरकत निवतीला पोचायचं. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. मधल्या काळात भरती रोज पाऊण तासाने पुढे जाते. संध्याकाळचा उजेड साधारण तोच, पण त्याच्याखालचं पाणी रोज निराळं.

सोबतीला मामा. एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत आणि घरी बसवत नाही. त्यांची अट एकच होती, रोज मासे. मार्गशीर्ष महिना म्हणजे गुरुवार आलेच, वर एकादशी वाटेत, हे निघताना त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

अष्टमी: हरिहरेश्वर

ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत दुपारी पोचलो. देवळामागून प्रदक्षिणेची वाट खाली खडकांत उतरते. पायऱ्या, मग दोन कड्यांमधली अरुंद फट, आणि एकदम समोर समुद्र. संध्याकाळी खाली उतरायला गेलो तर शेवटच्या पायऱ्यांवरच पाणी आपटत होतं.

"आज अष्टमी ना?" नारळाच्या दुकानातले आजोबा म्हणाले. "मग सहाला भरती पुरी. उद्या जेवायच्या वेळेला या."

त्यांचा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा भरती, मध्ये बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाच-साडेपाचला. माझ्याकडे मोबाइलवर भरतीचा तक्ता होता. ताडून पाहिलं, अर्ध्या तासाच्या आत जुळलं.

खाली जाता येईना म्हणून वरूनच फोटो काढले. भरलेल्या पाण्याचा एक फायदा असतो, लाट थेट कड्याच्या पायथ्याशी फुटते. शटर पाव सेकंदावर ठेवलं. त्याहून वेगात पाणी काचेसारखं गोठतं, त्याहून सावकाश गेलं तर धूर होतो. पाव सेकंदात लाटेचा जोर आणि वाहण्याची दिशा दोन्ही राहतात.

रात्री आमच्या घरगुती मुक्कामाच्या मालकांनी अंगणात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. रायगडातली थंडीतली ही चैन नेमकी वेळेवर मिळाली. मामांनी शेंगा सोलता सोलता मालकांना घाटातल्या प्रत्येक वळणाचा इतिहास सांगितला.

जाणाऱ्यांसाठी: प्रदक्षिणेच्या वाटेवर भरती चढत असताना जाऊ नका. इथून माणसं वाहून गेली आहेत. खाली उतरलात तर ओहोटी लागल्यावर जा आणि पाणी परत फिरायच्या आत वर या. "अजून दोन फोटो" ही इथली सगळ्यात महाग वस्तू आहे.

नवमी: खडकांतली दुपार आणि हर्णैचा लिलाव

ओहोटी पाऊणच्या सुमारास. डोक्यावर ऊन. शिकवणीत सांगतात, दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा. पण खडक उघडे मिळणार ते याच वेळेला, तर करणार काय? पोलरायझर लावला. भिंगापुढे तो फिरवत गेलं की एका जागी पाण्यावरची चकाकी पुसली जाते आणि डबक्याचा तळ दिसतो. शेवाळ, शिंपले, बोटाएवढे मासे, खेकड्याची एक नांगी. दुपारचं ऊन सरळ आत जातं म्हणून हे दिसतं; संध्याकाळच्या तिरप्या उजेडात यातलं काही मिळालं नसतं. खडकालाही वाऱ्यापाण्याने जाळी पडलीय, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी.

दोन बायका टोकदार लोखंडाने खडकावरची कालवं काढत होत्या. मी तिवई घेऊन डुगडुगत चाललेली पाहून एकीने न विचारता सल्ला दिला, "हिरव्यावर पाय नको, पांढऱ्यावर ठेव." हिरवं म्हणजे शेवाळ, त्यावरून पाय सटकतो. पांढरे ते शिंपल्यांचे खरबरीत थर, त्यावर पाय रोवतो. पुढे निवतीपर्यंत मी एवढंच पाठ म्हणत चालले. फक्त पडू मात्र नका, त्या शिंपल्यांनी तळहात फाटतो.

बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, वेश्वीला उतरलो, केळशी-आंजर्ले करत हर्णै बंदरात पोचलो तेव्हा लिलाव रंगात होता. होड्या लांब पाण्यात उभ्या असतात. मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात, बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे मांडलेले, भोवती कोंडाळं, आणि बोली इतकी भरभर की तिसऱ्या आकड्याला आपण हरवतो. पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग.

मी कॅमेरा उचलला तशी एक मावशी कडाडली, "फोटू काय काढतेस, म्हावरं घे!" मामा लगेच पुढे. अर्ध्या तासात त्यांनी घासाघीस करून कोळंबी घेतली, मावशीच्या मुलाला नोकरी कुठे आहे ते विचारलं, आणि मला तिच्या वाट्याशेजारी बसून फोटो काढायची परवानगी मिळवून दिली. या बंदरात मोठी भिंग लावून लांबून चोरून काढलेले फोटो मी पुष्कळ पाहिलेत. सगळ्यांत माणसांच्या पाठी असतात.

किनारा म्हटला की नुसता निसर्ग, माणूस चौकटीत नको, असा एक सोवळेपणा या प्रकारात आहे. हर्णैला तो टिकत नाही. इथला किनारा माणसांनीच भरलेला आहे. बैलगाडीच्या चाकांचे ओले चरे, त्यात साठलेलं पाणी आणि त्यात आभाळ, हा मला त्या संध्याकाळचा सगळ्यात 'निसर्ग' फोटो वाटतो.

दशमी: हेदवी

दाभोळ ते धोपावे फेरीबोट, गुहागरला सुरूच्या सावलीत चहा, वेळणेश्वर, आणि पुढे हेदवी. दशभुजा गणपतीचं दर्शन मामांनी घेतलं, मी बामणघळीकडे गेले.

काळ्या खडकात लांबलचक अरुंद भेग आहे. भरतीला लाट आत घुसते, पुढे वाट नाही म्हणून वर उसळते. इंटरनेटवरच्या फोटोंत हा फवारा दुमजली घराएवढा असतो. तो पावसाळ्यातला किंवा उधाणातला. डिसेंबरात समुद्र शांत, तिथी दशमी, त्यामुळे आम्हाला मिळाला तो कमरेएवढा. पण तासभर बसल्यावर एक गोष्ट कळली. लाट आत शिरली की आधी खडकाच्या पोटात धप्प असा आवाज येतो, आणि मग क्षणभराने पाणी वर येतं. पाण्याकडे बघून बटण दाबलं तर उशीर होतो. आवाजावर दाबलं की फवारा टोकाला असताना सापडतो. मग डोळे व्ह्यूफाइंडरवरून काढले आणि कानावर काम केलं. शटर हजारांश सेकंद. थेंब न् थेंब सुटा आला.

मुक्कामाच्या घरी काकूंनी कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं सुकं वाढलं. मी काय करते म्हणून विचारलं. लग्नाचे फोटो काढते, म्हटलं. पोटापाण्याचं काम तेच. समुद्राकडे आले तीही त्यातूनच. लग्नाआधी जोडप्यांना किनाऱ्यावर फोटो हवे असतात. वर्षानुवर्षं नवरानवरीला ओल्या वाळूत उभं करून मागे समुद्राचा पडदा लावला. हळूहळू माझ्या चौकटींत जोडपी लहान व्हायला लागली. एका नवऱ्यामुलाने तर सरळ विचारलं, "मॅडम, आम्ही यात आहोत ना?" मग ठरवलं, जोडप्यांचं काम जोडप्यांसाठी आणि समुद्राचं समुद्रासाठी. मध्ये काही काळ सह्याद्रीत फिरले. पण डोंगर दिवसभर जागेवर असतो, आपण वाट पाहायची ती फक्त उजेडाची. इथे उजेड आणि पाणी दोघांच्या वेळा जुळाव्या लागतात. लग्नवाल्यांना मुहूर्ताची सवय असते, म्हणून मला ते जड गेलं नसावं.

"म्हणजे पंचांग तुझ्याकडे आहेच," काकू म्हणाल्या. आहेच. फक्त आता त्यात गोरज मुहूर्ताशेजारी मी पेन्सिलने भरतीची वेळ लिहिते.

एकादशी: तवसाळ, जयगड, आरे-वारे

मोक्षदा एकादशी. सकाळी मामांना कळलं. तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना त्यांनी समोरून गेलेल्या मासळीच्या टेम्पोकडे ज्या नजरेने पाहिलं, तो खरं तर त्या दिवसाचा फोटो. जयगडला उतरून मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावी थांबलो, गणपतीपुळ्याला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि आरे-वारेला पोचलो.

डोंगराच्या कुशीतून रस्ता वर चढतो आणि दोन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, एकदम खाली दिसतात. गर्दीची जागा आहे, भुट्टे, घोडे, रील सगळं आहे. ते टाळून सुरूच्या बनाकडे गेलं की निवांत.

आता आभाळाबद्दल खरं सांगायला हवं. डिसेंबरात कोकणात ढग नसतात. क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्यात विरघळतो. जळतं केशरी आभाळ हवं असेल तर पाऊस परततानाचा ऑक्टोबर किंवा पाऊस यायच्या आधीचा मे पकडावा. डिसेंबरात काढून मग संगणकावर केशरी रंग ओतायचा, हे मला पटत नाही. त्यापेक्षा जे आहे ते वापरावं. धुरकट आभाळ फिकट, मऊ, एकसारखं असतं. त्याच्यासमोर चौकटीत आभाळ कमी ठेवायचं आणि पाण्याला जागा द्यायची. एनडी फिल्टर म्हणजे भिंगापुढची गडद काच, तिचा एकेक स्टॉप उजेड निम्मा करतो. दहा स्टॉपचा लावला की तिसांश सेकंदाचं शटर अर्ध्या मिनिटावर जातं. खालची पुळण वरून घेतली, लाटांचे पांढरे पदर एकमेकांत मिसळून गेले. असे फोटो मी फार काढत नाही, सगळा समुद्र धुक्यासारखा करून टाकायची फॅशन जरा जास्तच झालीय. पण उंचावरून, सपाट उजेडात ते शोभतं.

डिसेंबरात आणखी एक लक्षात ठेवा. सूर्य थेट पश्चिमेला नाही, नैऋत्येकडे सरकून मावळतो, आणि जूनमध्ये वायव्येकडे. एखाद्या खडकामागे किंवा किल्ल्यामागे सूर्य हवा असेल तर महिना बघून जा, नाहीतर सहा महिने चुकतात.

द्वादशी: कशेळी

पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला. कनकादित्याचं देऊळ पाहिलं, आणि ऊन अजून तिरपं आहे तोवर सड्यावरच्या कातळशिल्पाकडे गेलो. किनाऱ्याच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण इथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि ज्यांनी हे कोरलं त्यांना मासे चांगले माहीत होते. जांभ्याच्या सपाट कातळावर एक भलामोठा हत्ती कोरलाय, त्याच्या आत इतर प्राणी, पक्षी, जलचर. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. फोटो काढायचा तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. कोरीव रेघेत सावली पडली तरच ती दिसते. आम्ही होतो तेवढ्यात ऊन वर आलं आणि हत्तीचा मागचा पाय डोळ्यांदेखत कातळात मिसळून गेला.

संध्याकाळी देवघळी. कड्यांच्या मध्ये शिरलेला समुद्राचा तुकडा. वर तांबडा जांभा, खाली काळाकभिन्न खडक. ओहोटी तीनच्या सुमारास होऊन गेलेली, सहाला पाणी चढतीवर. अरुंद घळीत चढतं पाणी सरळ येत नाही. एका कड्यावर आपटून वळतं, दुसऱ्यावर जातं, मधोमध फेसाची गोल रांगोळी होते आणि पुढची लाट ती पुसते. दोन-तीन सेकंदांच्या शटरला ते वळण रेघांसारखं उमटतं. सूर्य गेल्यावरही पंधरा-वीस मिनिटं थांबले. लोक सूर्य बुडाला की टाळ्या वाजवून निघून जातात. काळ्या खडकाचा निळसर रंग त्यानंतरच येतो.

कड्याच्या काठाला सुट्या जांभ्याचा खडा असतो, तिवई टोकावर लावू नका.

आडिवऱ्याला मुक्काम. उपास सुटला होता. मामांच्या ताटाबद्दल एवढंच सांगते की सुरमईच्या तुकड्या मोजायचं मी थांबवलं.

त्रयोदशी: कुणकेश्वर, आणि रात्री दशावतार

जैतापूरवरून विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. गाडीतच दिवस गेला. कुणकेश्वराचं देऊळ अगदी पुळणीला लागून आहे. आज ओहोटी पावणेचारला, म्हणजे सहाला पाणी अजून बरंच खाली. हरिहरेश्वराहून निघाल्यापासून पहिल्यांदा सूर्यास्ताला ओली वाळू मिळाली. ओसरलेल्या लाटेचा पातळ पापुद्रा वाळूवर राहतो तेवढा वेळ आरसा असतो. मग वाळू पाणी पिते आणि आरसा मिटतो. त्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या खाली उतरवायचा.

इथे तिवईबद्दल. लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते, तिवईच्या पायांखालचीही. आधी तिन्ही पाय जोर लावून रोवायचे, दोन लाटा जाऊ द्यायच्या, ते बसले की मग फोटो. मधला दांडा वर काढू नका.

फोटो झाल्यावर जेवायला शोधत होतो तर जवळच्या एका वाडीत जत्रा. रात्री दशावतार. देवळामागे एका बल्बखाली कलाकार स्वतःच्या हातांनी रंग लावत बसले होते. पुढ्यात आरसा, कंगवा, काजळ. तासापूर्वी दाढी करणारा माणूस नऊवारी नेसून, हातभर बांगड्या चढवून राणी होऊन उठला आणि जाता जाता मला म्हणाला, "आता काढ, मगाशी काय काढत होतीस?" आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात टिपायची ताकद, 6400 पर्यंत चढवून काढले. पेटी, पखवाज आणि झांज सुरू झाल्यावर मामा हलेनात. पहाटे परतलो. सकाळचा उजेड त्या दिवशी झोपेत गेला आणि त्याचं काही वाटलं नाही.

चतुर्दशी: तळाशील

आचऱ्यावरून तोंडवळी-तळाशील. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर गाव. पोचलो तर पुळणीवर रापण ओढत होते.

होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ मारते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. रापणकर कमरेला दोर अडकवून मागे मागे चालतात. मी कॅमेरा लावून उभी. एका बाईने हाक मारली, "अगो, उभी काय रवलंस? दोरीक हात लाव!"

मामा आधीच दोरीला लागले होते. मीही लागले. बाहेरून हे संथ दिसतं. हातात दोर आल्यावर कळतं की लाट परतताना जाळं जड होतं आणि लाट येताना हलकं, आणि सगळे त्या हिशोबाने जोर लावतात. नंतर फोटो काढताना हाच हिशोब कामाला आला. येत्या लाटेला माणसं सैल असतात, परतत्या लाटेला त्यांचे पाय वाळूत रुततात आणि पाठी ताणतात. शटर परतत्या लाटेला. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा आत बांगडे आणि तारल्या चकाकत होत्या. दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो. आम्हालाही मूठभर बांगडे मिळाले, मामांनी ते बक्षीस मिळाल्यासारखे धरले.

तिथले एक म्हातारे रापणकर म्हणाले, "आज-उद्या पाणी खूप सुकतला. फाटफटी उठ." पाणी खूप मागे जाईल, पहाटे उठ म्हणजे.

घरी काकींनी ते बांगडे तिरफळं घालून केले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

पौर्णिमा: चंद्रास्त आणि निवती

पहाटे पाचला पुळणीवर. आदल्या दिवशी जिथे रापणीचं जाळं पाण्यात होतं तिथे कोरडं चालत गेले. पाणी लांब गेलेलं, वाळूवर लाटांच्या घड्या, आणि समुद्रावर चंद्र. पश्चिम किनाऱ्यावर राहून लोक सूर्योदय नाही म्हणून हळहळतात, पण महिन्यातून एकदा पहाटे चंद्र पाण्यात मावळतो हे कुणी सांगत नाही.

यात अडचण एक. काळोखात चंद्र इतका उजळ असतो की वाळू दिसेल असा फोटो काढला तर चंद्राची नुसती पांढरी टिकली होते, आणि चंद्रावरचे डाग दिसतील असा काढला तर खाली काळोख. उजाडू लागलं की दोन्ही उजेड एकमेकांच्या जवळ येतात. सूर्योदयाआधीची शेवटची पंधरा-वीस मिनिटं अशी असतात की वाळूच्या घड्या आणि चंद्र दोन्ही एका फोटोत बसतात. तोवर चंद्र तांबूस होऊन धुरकट पट्ट्यात शिरलेला. जेमतेम तेवढ्यात घेतले. पाठीमागे माडांवर उजाडलं, आणि माझ्या पावलांच्या ठशांवरून पाणी परत यायला लागलं होतं.

दुपारनंतर मालवण मागे टाकत निवतीला. निवतीच्या किल्ल्यावरून एका बाजूला भोगव्याची पुळण, लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आणि त्यावरचं दीपगृह. त्या बेटांवरच्या गुहांत पाकोळ्या, म्हणजे छोटे पक्षी, घरटी करतात. खाली किनाऱ्यावर ओहोटी साडेपाचला, सूर्यास्त सहाला. खडक पूर्ण उघडे. हरिहरेश्वरला ज्या उजेडाखाली भरलेलं पाणी होतं त्याच उजेडाखाली आता शेवाळाचे हिरवे पट्टे, मध्ये पाण्याच्या वाटा. अर्ध्या सेकंदाला परतणारं पाणी त्या वाटांतून दुधाच्या धारांसारखं उतरलं. आणि मागे वळले तर माडांमधून चंद्र वर येत होता. कॅमेरा एक आणि दिशा दोन. कुठे वळू असं झालं.

गावातल्या देवळात दत्तजन्म झाला, सुंठवडा मिळाला. मामांनी दोनदा घेतला.

परतीचं आणि जाणाऱ्यांच्या उपयोगाचं

घाट चढून घरी. पहिलं काम सामान धुणं. तिवई गोड्या पाण्यात बुडवून, पायांचे सांधे उघडून धुवायची, नाहीतर आतल्या वाळूने आठवड्यात कुरकुरायला लागते. भिंगावर खाऱ्या तुषारांचा पापुद्रा बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर मीठ-वाळूचे ओरखडे पडतात. आधी फुंकणीने उडवा, मग ओल्या कापडाने, मग कोरड्या. किनाऱ्यावर भिंग बदलायचं झालं तर वाऱ्याकडे पाठ करून, शक्यतो गाडीत बसून.

एनडी फिल्टर सहा आणि दहा स्टॉपचे असले की भागतं. त्यातला सहाचा जास्त वापरला गेला. ड्रोन नेणार असाल तर किल्ले, बंदरं आणि दीपगृहांच्या आसपास परवानगीशिवाय उडवू नका. दीपगृहं पाहुण्यांना दुपारनंतर थोडाच वेळ उघडी असतात, वेळ तिथेच विचारून घ्या.

पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खडकांत उतरायचं असेल तर त्या बंदराचा तक्ता बघाच. शिवाय उत्तरेकडून दक्षिणेला जाल तसं पाणी चढण्या-उतरण्याचं अंतरही कमी होत जातं. मुंबईला उधाणात समुद्र जेवढा मागे हटतो तेवढा मालवणला हटत नाही.

मे महिन्यात जाणार असाल तर तिथी बदला. तेव्हा सूर्यास्त सातला असतो आणि पौर्णिमेची ओहोटी पाच-साडेपाचला होऊन गेलेली असते. सूर्यास्ताला खडक उघडे हवेत तर पौर्णिमा उलटल्यावरची प्रतिपदा-द्वितीया धरायची. मी वैशाखातली प्रतिपदा धरलीय, देवगडपासून खाली. मामांना विचारलं तर त्यांनी आधी कॅलेंडर काढून वार बघितला, एकादशी लांब आहे याची खात्री केली, आणि म्हणाले, "देवगडात आंबा असेल ना तेव्हा? मग गाडी मीच चालवणार."